वाहकाचा दोष

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं कामानिमित्त आम्हांस दौंडास उतरून पुढें शिरुरास जावें लागलें. दौंड हें भीमेच्या कांठचें मोठें जंक्शन; पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गास मनमाडचा फांटा येथेंच फुटतो. शिरूर हें घोड नदीवर वसलेलें. जुनीं माणसें त्यास अजून घोडनदी म्हणूनच ओळखतात. या दोन गांवांमधील मुलूख मूळचा अवर्षणाचा. परंतु मुठेचा उजवा कालवा दौंडाकडे आला, चिंचणीजवळ घोड नदीस धरण झालें, आणि जेथें बाजरीचाहि भरंवसा नव्हता तेथें आज नजर पोंचेल तेथवर ऊंस उभा असतो. ऊंस आला म्हणजे कारखाना येतो, कारखाना पेटला म्हणजे ऊंसतोडीच्या टोळ्या येतात. आणि पाणी जेथें साचून राहतें तेथें डांसहि येतात.

शिरूरचे आमचे एक डॉक्टर स्नेही आम्हांस न्यावयास दौंडास आले होते. चौफुल्यावरून पारगांवास भीमा ओलांडून आम्ही न्हावऱ्याच्या वाटेस लागलों, तेव्हां दिवस कलला होता. पाटाच्या कडेस ऊंसतोड्यांच्या कोप्या लागल्या. तेथें त्यांनीं गाडी थांबविली. एका कोपींत सात-आठ वर्षांची मुलगी हुडहुडी भरून गोधडींत पडली होती. डॉक्टर तिच्या बोटाचें रक्त कांचेवर घेत असतां शेजारीं बसलेल्या तिच्या आजीनें आपल्या दंडावरील एक डांस चापट मारून चिरडला व ती म्हणाली, “ह्या मेल्यानंच माझ्या लेकराला जाळलं.” डॉक्टर हंसून म्हणाले, “आजी, त्याच्याही अंगात तोच रोग शिरला होता. तोही त्या रोगाशी झगडलाच असेल.” म्हातारीनें क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलें, “मग हरला कशाला मेला?”

रक्त तपासतां हिंवतापच ठरला. औषध चालू झालें व मुलगी बरी झाली, असें आम्हांस मागाहून कळलें. पुणें जिल्ह्यांत हिंवताप आज पूर्वीसारखा राहिलेला नाहीं; हा ताप तिला या पाटाकांठीं जडला कीं गांवाहून येतांना कोठें मुक्काम पडला तेथें, हें कोणास सांगतां येणार? परंतु म्हातारीचा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. त्या प्रश्नांत शास्त्र आहे, आणि शास्त्राच्या मागें नीतीचा एक मोठा प्रश्न उभा आहे. अपराध कोणाचा, आणि प्रायश्चित्त कोणीं घ्यावें, हा तो प्रश्न होय.

प्रथम शास्त्राकडे पाहूं. रोनाल्ड रॉस यानें २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस डांसाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाचा परजीवी पाहिला. तेव्हांपासून, डांस म्हणजे एका माणसाच्या शरीरांतून विष ओढून दुसऱ्याच्या शरीरांत सोडणारी पिचकारी, अशी एक समजूत सर्वत्र रूढ झाली. ही समजूत अपुरी आहे. डांस हें निर्जीव भांडें नव्हे. त्यालाहि शरीर आहे, आणि परक्याचा शिरकाव झाला असतां तें शरीर स्वस्थ बसत नाहीं.

अनोफेलिस जातीची मादी (नर डांस रक्त पीतच नाहीं) आपलीं अंडीं पोसण्यासाठीं माणसाचें रक्त पिते. तें रक्त हिंवतापी माणसाचें असेल तर त्याबरोबर शेंकडों-हजारों परजीवी तिच्या पोटांत जातात. एका दिवसाच्या आंत त्यांतील कांहीं कृमीसारखें रूप घेऊन जठराची भिंत भेदूं लागतात, आणि येथें खरी लढाई जुंपते. जनुकें म्हणजे शरीर कसें घडावें व कसें वागावें याच्या पिढीजात आज्ञा. परजीवी शिरतांच या आज्ञांपैकीं एरव्हीं निजलेल्या कित्येक जाग्या होतात व त्यांच्या हुकुमानें निरनिराळीं प्रथिनें तयार होऊं लागतात. टेप-१ नांवाचें एक प्रथिन डांसाच्या रक्तरसांत फिरत असतें. दुसरीं दोन प्रथिनें त्यास हाताशीं धरून सज्ज ठेवतात. परजीवी भिंतीपलीकडे डोकावतांच टेप-१ त्याच्या अंगास चिकटतें. ही जणूं शत्रूच्या पाठीवर मारलेली खूण होय. खूण झालेला परजीवी एकतर फुटून जातो, किंवा त्याच्या भोंवतीं काळें कवच चढून तो जागच्या जागीं गाडला जातो. आश्चर्याची गोष्ट ही कीं, माणसाच्या रक्तांतहि याच घराण्यांतलीं प्रथिनें जंतूंवर अशीच खूण करीत असतात. डांसाची आणि आपली वाट कोट्यवधि वर्षांपूर्वीं फुटली. परंतु घर राखण्याची रीत दोघांनींहि एकाच पूर्वजाकडून उचलली आहे.

ही कल्पनेची भरारी नव्हे. १९८६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं आफ्रिकेंतल्या अनोफेलिस डांसांतून निवडीनें असा एक वंश तयार केला कीं, त्यांत परजीवी वाढूंच शकत नाहीं. प्रत्येक परजीवी काळ्या कवचांत बंद होतो. २००४ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं टेप-१ ची आज्ञा मुकी करून पाहिली, तेव्हां डांसाच्या पोटांतील परजीवींची संख्या सुमारें पांच पटींनीं वाढली. म्हणजे आपल्या घरांत जे हिंवतापी डांस येतात त्यांनीं शत्रूचा बहुतेक भाग आधींच मारलेला असतो.

मग म्हातारी विचारते त्याप्रमाणें डांस हरतो कां? याचें एक उत्तर असें कीं, येथें बहुतेक जिंकून भागत नाहीं. चार-दोन परजीवी निसटले तरी त्यांच्या गांठी होतात. दहा-पंधरा दिवसांत एकेका गांठींतून हजारों नवे परजीवी बाहेर पडून डांसाच्या लाळेंत उतरतात. दुसरें असें कीं, शत्रूहि शिकलेला आहे. हिंवतापाच्या परजीवीच्या अंगावरील एक प्रथिन त्यास डांसाच्या पहारेकऱ्यांपासून लपवितें, असें २०१३ सालीं दाखविण्यांत आलें. किल्ली कुलपास जुळावी तसें तें त्या त्या प्रदेशांतील डांसाशीं जुळतें. तिसरें उत्तर आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगें वाटतें. लढण्यास शक्ति लागते, आणि ती शक्ति अंडीं घालण्यांतून काढावी लागते. थोडे परजीवी अंगावर बाळगल्यानें डांसाचें फारसें बिघडत नाहीं. तेव्हां शेवटचा शत्रु मारण्यासाठीं त्यानें आपला वंश कां पणास लावावा? त्या शेवटच्या शत्रूची किंमत डांसास भरावी लागत नाहीं. ती कोपींतल्या मुलीस भरावी लागते.

हें वाचून वाचकांस महाभारताच्या अनुशासनपर्वांतील गौतमीची कथा आठवेल. गौतमी या वृद्ध ब्राह्मणीचा मुलगा सर्पदंशानें मेला. अर्जुनक नांवाच्या व्याधानें त्या सर्पास बांधून तिच्यापुढें आणलें व याला कसा मारूं असें विचारलें. ती म्हणाली, यास मारून माझा मुलगा परत येणार नाहीं. व्याध म्हणाला, परंतु यास सोडल्यास हा आणखी किती तरी जणांस चावेल. सर्प म्हणाला, मी परतंत्र आहें. मला मृत्यूनें पाठविलें. मृत्यु येऊन म्हणाला, मला काळानें प्रेरिलें. शेवटीं काळ येऊन म्हणाला, आम्ही कोणीच अपराधी नाहीं. त्या मुलाचें कर्मच त्यास कारण झालें. सर्पास सोडून देण्यांत आलें.

आमच्या डांसाची स्थिति त्या सर्पासारखीच आहे. तोहि म्हणूं शकेल कीं, मी निमित्तमात्र; माझ्या अंगांत परजीवी शिरला, त्याच्याशीं मी लढलों आणि हरलों. परजीवी म्हणेल, मला तर दुसरें घरच नाहीं. येथवर कथा आम्हांस मान्य आहे. ज्यास हेतूच नाहीं त्यास दोष लावतां येत नाहीं. परंतु कथेची अखेर जशीच्या तशी उचलून पाटाकांठच्या कोपींत नेतां येईल काय? त्या सात-आठ वर्षांच्या मुलीस, हें तुझेंच कर्म, असें सांगावयाचें काय? आमच्यानें तें होणार नाहीं. कारण या साखळींत कथेनें न सांगितलेलीं आणखी कडीं आहेत. पाट आम्ही आणला, पाझराचें पाणी आम्ही साचूं दिलें, ऊंस आम्हांस हवा होता, आणि तो तोडणाऱ्यांस पाण्याच्या कडेस दाराविना कोपींत राहावयास आम्हींच लावलें. या साखळींत स्वतंत्र इच्छा असलेलें एकच कडें आहे, तें मनुष्याचें. म्हणून जबाबदारीहि तेथेंच येऊन थांबते.

आजपर्यंत आपण या जबाबदारीची फेड व्याधाच्या मार्गानें करीत आलों. मुंबई इलाख्यांत कानडा व धारवाड या जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन् यांच्या देखरेखीखालीं १९४६ सालीं घरोघर डीडीटी फवारण्यास आरंभ झाला. १९५३ पासून तीच रीत देशभर गेली. फळहि मोठें आलें. स्वातंत्र्याच्या सुमारास देशांत वर्षाकांठीं साडेसात कोटि लोकांस हिंवताप होई असा अंदाज होता; १९६५ च्या सुमारास हा आंकडा लाखाच्या घरांत आला. ज्यांनीं हें केलें त्यांनीं लाखों लोकांचे प्राण वांचविले, आणि त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु विषानें सारेच डांस मेले नाहींत. जे तगले त्यांचा वंश वाढला, आणि विष त्यांस बाधेनासें झालें. लोकांचा उत्साह ओसरला, पैसा कमी पडला, आणि १९७६ सालीं देशांत हिंवतापाचे चौसष्ट लाखांवर रोगी नोंदले गेले. व्याधास सर्प पुरे पडले नाहींत; सर्पांस मात्र व्याध ओळखीचा झाला.

आतां निराळाच मार्ग पुढें आला आहे. डांसास मारूं नये, त्याची हार टाळावी. मुंबईच्या विहिरींत व टांक्यांत वाढणारा जो शहरी हिंवतापाचा डांस, त्याचें शास्त्रीय वर्णन लिस्टन यानें १९०१ सालीं केलें व त्यास स्टीफन्सी असें नांव दिलें. याच डांसावरील एक प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या जठरांत फ्रेप-१ नांवाचें एक प्रथिन असतें. परजीवी तें धरूनच भिंत ओलांडतो. या प्रथिनाच्या मालिकेंतील एकच मणी बदलला असतां परजीवीचा हात निसटतो, आणि डांसाचें जीवन मात्र जवळजवळ पूर्वीसारखेंच चालतें. त्याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. सामान्यतः आईबापांचा एखादा विशेष निम्म्याच संततींत उतरतो. परंतु जीन ड्राइव्ह नांवाच्या युक्तीनें तो जवळजवळ सर्व संततींत उतरवितां येतो. प्रयोगशाळेंतील पिंजऱ्यांत हा बदल पिढ्यांमागून पिढ्या पसरत गेला. उद्यां असे थोडे डांस मोकळे सोडले तर कांहीं वर्षांत सारा प्रदेश न हरणाऱ्या डांसांनीं भरून जाईल, अशी आशा संशोधकांस वाटते.

शिरूर-दौंडास असे डांस सोडण्याचा कोणाचा बेत आमच्या ऐकिवांत नाहीं. या बाजूच्या खेड्यापाड्यांतील हिंवतापाचा मुख्य वाहकहि स्टीफन्सी नव्हे, तर पाटांत व ओढ्यांत वाढणारा क्यूलिसिफेसीस होय. पण गोष्ट अगदींच दूरची आहे असें नाहीं. जालना जिल्ह्यांत दावलवाडी येथें २०१७ सालीं डेंगीच्या डांसाचा, ज्याची संतति जगत नाहीं असा बदललेला वंश पिंजऱ्यांत ठेवून पाहण्याचें काम सुरू झालें होतें. तेव्हां शास्त्रज्ञ दारीं येण्यापूर्वींच आपण आपलें मन ठरवून ठेवणें बरें. न्हावऱ्याहून शिरुरास पोंचेपर्यंत आमच्या स्नेह्यांनीं आम्हांस हाच प्रश्न केला: “उद्या असा डास आला, तर सोडू द्याल का?”

पुष्कळ सज्जन येथें म्हणतील कीं, सृष्टिक्रमांत अशी ढवळाढवळ करूं नये. या आक्षेपांत आदरास पात्र अशी भीति आहे, परंतु युक्तिवाद म्हणून तो टिकत नाहीं. ज्या मुलुखांत मुठेचें पाणी भीमेकांठच्या शेतांत वाहतें, तेथें सृष्टिक्रम केव्हांच बदलला आहे. शिवाय क्यूलिसिफेसीस या एकाच नांवाखालीं पांच जवळच्या जाति असून त्यांतील ‘ब’ जाति हिंवताप पसरविण्यांत अगदीं दुबळी ठरली आहे. डांसानें डांस राहावें आणि रोग मात्र वाहूं नये, ही घटना सृष्टीनें स्वतःच करून दाखविली आहे. ज्यांस जीवहत्येचा तिटकारा आहे त्यांसहि, घरोघर विष फवारण्यापेक्षां हा मार्ग अहिंसेच्या अधिक जवळचा वाटेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फवारणी बंद करतां येते. वंशांत सोडलेली गोष्ट परत बोलावतां येत नाहीं. परजीवीनें एकवार डांसाच्या पहाऱ्याची किल्ली शोधली, तो दुसरीहि शोधील. आणि डांसास तालुक्याची शीव कळत नाहीं. हाच स्टीफन्सी २०१२ सालीं आफ्रिकेंत जिबूती येथें जाऊन पोंचलेला आढळला. जें शिरुरांत सोडावें तें श्रीगोंद्यास जाणार नाहीं, असें कोण म्हणेल? तेव्हां अनुमति मागावयाची ती कोणाची?

येथें आपल्याच देशांतील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद यांनीं १९६९ पासून दिल्लीस एक केंद्र चालविलें. हत्तीरोगाचा परजीवी वाहणाऱ्या क्यूलेक्स डांसाचे नर वांझ करून सोडावयाचे, अशी तेथील योजना होती. पैसा अमेरिकेंतून येत होता. हें काम नक्की कशासाठीं, यांत युद्धोपयोगी असें कांहीं आहे काय, असे प्रश्न वृत्तपत्रांतून निघाले व पार्लमेंटच्या लोकलेखा समितीपर्यंत पोंचले. १९७५ सालीं केंद्र बंद झालें. संशय खरे होते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लोकांस आधीं विश्वासांत घेतलें नाहीं, तर खऱ्या कामासहि खोट्याचें रूप येतें, हा धडा त्यांत आहे.

याच्या उलट मुंबईचा प्रसंग पाहावा. डॉ. बेंटली यांनीं १९११ सालच्या आपल्या अहवालांत मुंबईच्या विहिरी या हिंवतापाचें माहेर असल्याचें दाखविलें व नगरपालिकेनें विहिरी बंद करण्याचें मनावर घेतलें. पारशी व हिंदु कुटुंबांनीं धर्माच्या कारणानें हरकत घेतली. कारण विहिरीचें पाणी त्यांस केवळ पिण्याची वस्तु नव्हती. वाद पुष्कळ झाला. परंतु नगरपालिकेच्याच सेवेंतील रुस्तम मसानी यांस त्या हरकतींचें मूळ शोधावेंसें वाटलें, आणि १९१८ सालीं विहिरींविषयींच्या लोकसमजुतींवर त्यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. विरोध करणाऱ्यास अडाणी न म्हणतां त्याच्या विहिरीजवळ जाऊन बसणें यासच आम्ही अनुमति मागण्याची पहिली पायरी समजतों.

आतां शिरूर-दौंडाकडे वळूं. समजा, उद्यां डांस सोडावयाचे ठरलें आणि ग्रामसभा भरली. ग्रामसभेंत त्या गांवच्या मतदारयादींत ज्यांचें नांव आहे ते बसतील. पक्क्या घरांत, जाळीच्या खिडक्यांआड निजणारे आम्ही हात वर करूं. कोपींतली ती आजी तेथें नसेल. तिचें नांव दूरच्या दुसऱ्या एका गांवच्या यादींत आहे. तेथें सभा भरते तेव्हां ती येथें ऊंसाच्या मोळ्या बांधीत असते. ज्यास सर्वांत अधिक डांस चावतात त्यासच सर्वांत कमी विचारलें जातें. आमच्या मतें या साऱ्या प्रश्नांतील खरा नैतिक पेंच येथें आहे; शास्त्रज्ञांच्या पिंजऱ्यांत तो नाहीं.

शिवाय आम्हांस स्वतःचीच एक भीति वाटते. डांसास न हरणारा करून सोडला कीं आपण मोकळे, असें आम्हांस वाटूं लागेल. मग पाटाचा पाझर कोण बुजवील? कोपीस दार कोण लावील? हिंवताप गेला तरी त्या मुलीस घाण पाण्याचे, थंडीचे आणि शाळा बुडण्याचे दुसरे ताप आहेतच. त्यांवर कोणत्याहि डांसाचें जनुक इलाज करणार नाहीं. डांसाच्या शरीराकडून जें कर्तव्य आपण करून घेऊं पाहतों, तें आधीं आपलें होतें, याचा विसर पडतां कामा नये.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं काय उत्तर दिलें तें सांगून हा लेख पुरा करतों. आम्ही म्हणालों, “होय, सोडू द्यावा, पण तीन गोष्टी झाल्यावर. तो परत घेण्याचा किंवा त्याचा पसर थांबविण्याचा उपाय आधी हाती असावा. बिघडले तर उत्तर कोण देणार, त्याचे नाव आधी लिहून ठेवावे. आणि ग्रामसभा भरण्याच्या आधी कोपीत जाऊन त्या आजीला विचारावे.”

डॉक्टर कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गळीत संपलं की ती जाईल. विचारायचं असेल तर चैत्राच्या आत विचारायला हवं.”